पाय गळालेले जीआय जो: टाकण्याआधी पाठीचा स्क्रू उघडा

तुमच्या माळ्यावरच्या डब्यात फनस्कूल या भारतीय खेळणी-कंपनीचे 14 जीआय जो, म्हणजे खेळण्यातले सैनिक, निघाले. 9 जणांचे पाय कमरेतून गळालेत, दोघांना अंगठे नाहीत, एकाच्या पाठीत पिशवीची खुंटी मोडून अडकलीय आणि एक पांढरा होता तो पिवळा पडलाय. हे टाकून ऑनलाइन 'रिस्टोअर्ड' घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय.

टाकू नका. 9 जणांना बहुतेक एकच दुखणं आहे, आणि त्याचं औषध हार्डवेअरच्या दुकानात चहाच्या किमतीत मिळतं. अंगठ्यांना मात्र औषध नाही. कुठला जो वाचतो आणि कुठला नाही हे समजायला त्याची आतली रचना माहीत हवी. विकत घेतानाही तीच माहिती कामी येते.

1964 चा मूळ जीआय जो 12 इंची होता. 1982 मध्ये हॅसब्रो या अमेरिकन कंपनीने पावणेचार इंची मालिका काढली, तिच्यात धड आणि पाय कशानेच घट्ट जोडलेले नाहीत. दोन्ही पाय एका धातूच्या टी आकाराच्या हुकाला लागलेले असतात. त्या हुकात रबराची ओ-रिंग अडकते, कमरेच्या तुकड्याच्या भोकातून वर येते आणि छातीच्या पोकळीत, पाठीचा स्क्रू ज्या दांड्यात बसतो त्या दांड्याला अडकते. अख्खा माणूस त्या एका रिंगेच्या ताणावर उभा असतो. 25-30 वर्षांत रबर कडक होऊन तुटतं किंवा डांबरासारखं चिकट होतं, आणि पाय खाली येतात. प्लास्टिकला काहीही झालेलं नसतं. फनस्कूलने हॅसब्रोचेच साचे वापरले, त्यामुळे भारतीय जोची रचनाही हीच.

उघडताना

स्क्रू पाठीतल्या पिशवीच्या भोकात, आत खोल असतो. फुलीच्या टोकाचे पीएच 0 आणि पीएच 1 मापाचे दोन्ही स्क्रू ड्रायव्हर जवळ ठेवा. खाचेत न डुगडुगता बसेल तोच ड्रायव्हर वापरायचा. चष्म्याच्या सेटमधला बारीक ड्रायव्हर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच पिळ्यात खाच खातो. जो पालथा करून घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. जोर सत्तर टक्के खाली दाबायला आणि तीस टक्के फिरवायला. खाच आधीच गेली असेल तर रुंद रबर बँडचा तुकडा मध्ये धरून दाबा, पकड येते.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरातला माल असेल तर स्क्रू गंजलेला असतोच. टाचणीच्या टोकावर येईल एवढंच शिलाई मशिनचं तेल सोडा, रात्रभर थांबा. गंज सोडवणारा स्प्रे भोकात मारू नका. त्यातला द्रावक रंगावर उतरतो, आणि ताणाखालच्या प्लास्टिकला बारीक तडे पाडू शकतो.

पिशवीची खुंटी अडकलेल्या जोचा स्क्रू दिसणारच नाही. तिथे उकरत बसू नका, भोकाची कड फुटते. हाताने फिरवायच्या पिन व्हाइसमध्ये 1 मिमीचं ड्रिल घालून खुंटीच्या मधोमध 2-3 मिमी भोक पाडा, त्यात घड्याळातला बारीक स्क्रू दोन आटे बसेल एवढा फिरवा आणि पकडीने सरळ वर ओढा. बहुतेक वेळा खुंटी बुचासारखी निघते.

धडाचे दोन अर्धे वेगळे करताना नखाने खांद्याच्या बाजूने सैल करा, कमरेच्या बाजूने नको. डोकं आणि हात सुटे होतील, ते कसे बसले होते त्याचा फोटो आधी काढा. एका वेळी एकच जो उघडायचा. चार उघडले की हात कुणाचे आणि कंबर कुणाची हा घोळ होतो, आणि तो सोडवायला पुढचा आठवडा जातो.

नवी रिंग

आतला व्यास साधारण 10 ते 11 मिमी, दोरीची जाडी 2 ते 2.5 मिमी. दुकानात 'जीआय जोची रिंग' म्हणून काही मिळणार नाही. नळ, पंप किंवा न्यूमॅटिकचं सामान विकणाऱ्याकडे नायट्राइल या कृत्रिम रबराची काळी ओ-रिंग मागा आणि लगतच्या तीन मापांच्या चार-चार घ्या. घरातला रबर बँड नको, तो नैसर्गिक रबराचा असतो, वर्ष-दोन वर्षांत कुजतो. सिलिकॉनची रिंग हवेला जास्त टिकते, पण हुकाच्या धारेवर चिरते. हुक गंजून खरखरीत झाला असेल तर सिलिकॉन नकोच. हुकाचा गंज 600 नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, तेलाचं बोट फिरवा आणि कोरडं पुसा. नायट्राइलला एवढं तेल चालतं.

जुन्या रिंगेचा डांबरी चिकटा कानकाडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन आतल्या बाजूनेच काढा. तोच बोळा बाहेर रंगाला लागला तर भुवया आणि बिल्ले पुसले जातात.

बसवताना रिंग कमरेच्या भोकातून खाली ढकलायचा प्रयत्न करू नका. रिंगेतून जाड शिवणदोरा ओवा, दोऱ्याची दोन्ही टोकं भोकातून खाली काढा आणि ओढा. रिंग खाली डोकावली की हुक अडकवा, दोरा काढून घ्या. वरचा वेढा स्क्रूच्या दांड्यावर चढवा, हात आणि डोकं आपापल्या खाचेत ठेवा, मग धडाचा दुसरा अर्धा वर बसवा. कड कुठेही उघडी राहिली तर स्क्रूने ओढून मिटवू नका. खांदा किंवा मान खाचेत नीट बसलेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी. हा स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःचे आटे पाडून बसलेला असतो. तसाच घालून फिरवला तर तो जुने आटे कापून नवे पाडतो, आणि असं दोन-तीनदा झालं की भोक सैल. म्हणून आधी उलटा, घड्याळाच्या काट्यांविरुद्ध, हलक्या हाताने फिरवा. बारीकसा 'टक्' जाणवेल, म्हणजे स्क्रू जुन्या आट्यात पडला. तिथून सुलटा फिरवा. कडा मिटल्या की थांबा. त्यापुढचा अर्धा पिळा खांद्याला तडा देतो.

तपासणी अशी: धड धरून पाय 5-6 मिमी खाली ओढून सोडा. झटकन परत बसले पाहिजेत, आणि कंबर डावी-उजवी फिरवून सोडली की तिथेच राहिली पाहिजे. जो उभा करताच कमरेत झुलत असेल तर रिंग मोठी. पाय पुढे उचलताना जोर लागत असेल तर रिंग लहान. लहान रिंग जास्त धोक्याची, कारण तिचा सगळा ताण कमरेच्या तुकड्याच्या खालच्या पट्टीवर येतो. दोन पायांमधली ती काडीएवढी पट्टी एकदा तुटली की तुटली.

जे परत येत नाही

अंगठे, ती कमरेची पट्टी आणि कोपर. जोचा खरा जीव या तीन जागांत असतो.

अंगठे कडक प्लास्टिकचे आहेत आणि बंदुकीची मूठ त्यांच्यापेक्षा जाड असते. ते जोराने नव्हे, थंड प्लास्टिकवर जोर केल्याने तुटतात. जोचा हात 10-15 सेकंद गरम पाण्यात धरा (तुमच्या हाताला सोसेल इतपतच), मग मूठ बाजूने सरकवा, समोरून ठोसू नका. काढतानाही पुन्हा गरम करूनच. तुटलेला अंगठा फेविक्विकने चिकटतो, पण फक्त दिसण्यापुरता. हत्यार दिलं की गळतो, शिवाय आजूबाजूला पांढरी धूसर झाक येते. चिकटवायचाच असेल तर थेंब टाचणीच्या टोकाने लावा आणि वाळेपर्यंत पंख्याखाली मोकळा ठेवा, डबीत बंद करू नका.

कमरेच्या पट्टीला आतून 0.5 मिमीची तार घालून अराल्डाइट भरता येतं, तरी तो जो पुढे फक्त उभा ठेवायचा. कोपराला रिव्हेट असतो. त्याच्याभोवती तडा गेला असेल तर हात दुसऱ्या जोचा घ्यायचा, बाकी उपाय टिकत नाही.

पिवळा पडलेला

आधी धडाचा आतला पृष्ठभाग बघा. तिथे उजेड कधी पोचलेला नसतो, म्हणून मूळ रंग तोच. आत-बाहेर फरक कमी असेल तर प्लास्टिकच त्या छटेचं आहे, काही करू नका. फनस्कूलच्या रंगछटा एका खेपेपासून दुसऱ्या खेपेला बदलत, त्यामुळे हे बऱ्याचदा निघतं.

फरक मोठा असेल तर औषधांच्या दुकानातलं 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, काचेची बरणी आणि ऊन. भाग पूर्ण बुडवा, झाकण सैल ठेवा (आत वायू तयार होतो), दर तासाला भाग फिरवा आणि द्रावण तापू लागलं की बरणी सावलीत घ्या. हातमोजे हवेतच. हव्या त्या छटेच्या जरा आधीच बाहेर काढा, कारण जास्त ठेवलं तर ढगांसारखे पांढरे डाग पडतात आणि ते जात नाहीत. रंगवलेले भाग आणि रिव्हेट असलेले हात-पाय यात बुडवू नका. रंग उडतो, रिव्हेट गंजतो. म्हणजे प्रत्यक्षात धड आणि कंबर एवढंच उजळता येतं, मग हात-पाय जुनेच राहिल्याने जो ठिगळ लावल्यासारखा दिसतो. पिवळेपणा काही वर्षांनी परतही येतो. पिवळा राहू द्या, हेच माझं मत.

'रिस्टोअर्ड' विकणारे

वर सांगितलेली रिंग घालून, साबणाने धुऊन जो दसपट किमतीला विकणं हा सरळ धंदा आहे. त्यात फसवणूक नाही, पण ते काम तुम्ही स्वतः करू शकता. फसवणूक वेगळीकडे असते.

'1984 चा फनस्कूल, अतिदुर्मिळ' अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचू नका. फनस्कूल ही कंपनीच 1987 ची. अंगावर कोरलेलं वर्ष साच्याचं असतं, खेळणं त्या वर्षी बनलं असा त्याचा अर्थ नाही. आणि हॅसब्रोने ही मालिका 1994 मध्ये थांबवली तरी फनस्कूलचे जो 2000 नंतरही काही वर्षं निघत होते. त्यामुळे पॅकबंद आहे म्हणजे ऐंशीच्या दशकातला आहे, असं समजू नका. पुठ्ठ्यावरचा प्लास्टिकचा फुगा कडेने बघा. कारखान्यात चिकटवलेली कड सपाट आणि सलग असते. कागदाचे तंतू उपटलेले किंवा गोंदाची चमकती रेघ दिसली तर तो पुन्हा चिकटवलेला.

सुटा जो घेताना विक्रेत्याकडून ठरावीक फोटो मागा: दोन्ही तळहात जवळून, पाय फाकवून खालून कंबर, दोन्ही कोपरं वाकवून आतून-बाहेरून, पाठीचं भोक, आणि पाय ओढून सोडल्याचा पाच सेकंदांचा व्हिडिओ. समोरून हसरा चेहरा दाखवणारा एकच फोटो पाठवून 'कंडिशन चांगली आहे' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. हात-पाय दुसऱ्याचे लावले आहेत का हे छटेवरून ओळखायला जाऊ नका, भारतीय मालात कारखान्यातूनच छटा जुळत नसत. पट्टे, खिसे आणि बुटांची घडण मूळ जोच्या फोटोशी ताडून बघा.

परदेशातून मागवायचा विचार असेल तर हेही लक्षात घ्या की खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झालं, आणि 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) प्रमाणपत्राची अटही आहे. रिंगेसारख्या वस्तूसाठी तर परदेशी संकेतस्थळावर जायचं कारणच नाही.

ठेवताना

कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर आधी त्या बाहेर काढा. नॅफ्थलिनची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते, चिकट करते. हत्यारं रबर बँडने बांधू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका (शाई उतरते), पीव्हीसीच्या पारदर्शक फोल्डरमध्ये घालू नका. साध्या पॉलिथिनच्या किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या पिशव्या चालतात. मऊ नळ्या आणि पट्टे वेगळ्या पिशवीत ठेवा. त्यांच्यातला मऊपणा देणारा पदार्थ बाहेर येतो आणि शेजारच्या कडक प्लास्टिकवर वितळल्यासारखा खड्डा पाडतो. अशी नळी आधीच चिकट झाली असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. काही महिन्यांनी पुन्हा चिकटेल, पुन्हा धुवायची.

पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. हातात हत्यार देऊन ठेवू नका, पाय सरळ ठेवा म्हणजे रिंगेवर ताण कमी राहतो.

सुरुवात बिनअंगठ्याच्या दोघांपासून करा. पहिल्या दोन स्क्रूंवर हात बसेपर्यंत काही ना काही बिघडतंच, आणि या दोघांचं बिघडण्यासारखं फारसं उरलेलं नाही. त्यांचे पाय, कंबर आणि स्क्रू नीट निघाले तर पुढच्या बारा जणांसाठी सुटे भागही तिथेच मिळतील.