वाचकांचे प्रश्न : डोमेन लांब मुदतीचं घ्या, होस्टिंग एका वर्षाचं

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. कासच्या पठारावरच्या फुलांच्या नोंदी आणि फोटो बरीच वर्षं जमवलेत, ते स्वतःच्या वेबसाइटवर ठेवायचे आहेत. पुण्याचा भाचा म्हणतो, महिना ६९ रुपयांत होस्टिंगची स्कीम चालू आहे, चार वर्षांची एकदम घेऊन टाक. इथला एक मुलगा म्हणतो, 'मॅडम, पंधरा हजारांत सगळं करून देतो. डोमेन-होस्टिंगचं टेन्शन घेऊ नका, ते माझ्याकडेच राहील.' कुणाचं ऐकू?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : बाई, त्या मुलाला काम जरूर द्या. फक्त 'ते माझ्याकडेच राहील' एवढं मान्य करू नका.

सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, वेबसाइटची रडगाणीही येतात. मध्यंतरी हळदीचे एक व्यापारी आले. साइट करणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं. पुढे तो बेंगळुरूला नोकरीला गेला, नंबर बदलला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्याकडे जात राहिल्या, व्यापाऱ्यांना पत्ताच नाही. शेवटी ते नाव दुसऱ्याच कुणी उचललं. जुना पत्ता छापलेली पोती अजून त्यांच्या गोदामात पडून आहेत.

डोमेन म्हणजे साइटचं नाव, होस्टिंग म्हणजे फाइली जिथे राहतात तो सर्व्हर. दोन्ही एकाच कंपनीकडून घ्यायला हवं असं काही नाही. मी तर वेगवेगळीकडून घ्या म्हणेन. होस्टिंगवाल्याशी बिनसलं तर नाव आपल्या हातात राहतं, ते दुसऱ्या सर्व्हरकडे वळवलं की झालं. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या मोबाइलवर आणि तुमच्या रोजच्या जीमेलवर नोंदवा. त्याच डोमेनवरचा नवा ईमेल तिथे देऊ नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, मग सूचना येणार कुठे? डॉट इन किंवा डॉट कॉम एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेता येतं. तुमच्या कासची टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. तिचा पुढचा बहर त्याच पत्त्यावर दिसेल एवढ्या मुदतीचं तरी घ्या.

आता भाचा. ६९ गुणिले ४८ म्हणजे ३,३१२ आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,९०८ रुपये आजच द्यायचे. जाहिरात महिन्याची, पैसे चार वर्षांचे. त्याच पानावर तळाला बारीक अक्षरांत नूतनीकरणाचा दर असतो, तो पहिल्या दराच्या कितीतरी पट असू शकतो. भाचेबुवांना तो शोधायला लावा. मी एकाच वर्षाचं घेईन, महिन्याचा दर थोडा चढा पडला तरी. कंपनी कशी आहे हे साइट पहिल्यांदा बंद पडते तेव्हा कळतं, आणि तेव्हा तीन वर्षांचे पैसे तिच्याकडे अडकलेले नसावेत.

'अमर्याद जागा' या शब्दावर भाळू नका. जागा अमर्याद म्हणतात, पण फाइलींच्या संख्येवर मर्यादा घालतात. वर्डप्रेसमध्ये (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) तुम्ही एक फोटो चढवला की ते आपणहून त्याच्या आणखी चार-पाच लहान प्रती बनवतं, म्हणजे हजार फोटोंच्या पाच-सहा हजार फाइली झाल्या. फोटो आधीच लहान करा. पडद्यावर पाहायला १,६०० पिक्सेल रुंदी भरपूर झाली. एसएसएल प्रमाणपत्राचे (त्यामुळे साइट आणि वाचक यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित राहते) वेगळे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट मिळतं.

बॅकअपचं मात्र जरा सविस्तर सांगतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, त्यानंतर माझ्याकडे हार्ड डिस्कची रांग लागली. गावभागातल्या एका फोटोग्राफरने शिस्तीत दोन डिस्क ठेवल्या होत्या, पण दोन्ही एकाच कपाटाच्या खालच्या कप्प्यात. मोठ्या कंपन्यांचंही असं होतं. मार्च २०२१मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर ठेवलेली इमारत, जळालं, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. म्हणून होस्टिंगवाल्याचा बॅकअप हा त्याचा समजा, तुमचा वेगळा हवा. वर्डप्रेसच्या 'एक्स्पोर्ट'वर विसंबू नका. त्या फाइलीत लेख येतात, फोटो येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात. फोटोंचं फोल्डर आणि डेटाबेस (लेख त्यातच साठलेले असतात) दोन्ही उतरवून घ्यायचं आणि एक प्रत भाच्याकडे पुण्यात ठेवायची.

पैसे देण्याआधी कंपनीला एक ईमेल टाका, तोही रविवारी रात्री : 'पूर्ण बॅकअप मला स्वतःला उतरवता येतो का? तो परत चढवायचे पैसे पडतात का?' उत्तर कधी येतं आणि नेमकं येतं की नुसती जाहिरात येते, ते पाहा. मी दरापेक्षा यावर जास्त ठरवतो. कंपनी परदेशी असेल तर कार्डातून दरवर्षी पैसे आपोआप कटतील हे गृहीत धरू नका. रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१पासून कडक झालेत, कार्डातून वसुली अडते आणि साइट बंद पडते. यूपीआय घेणारी कंपनी बरी. सर्व्हर मुंबईत असला तर उत्तम, नसला तर अडत नाही.

नोंदी डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतल्या असतील तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसते त्या पद्धतीत, बदलून घ्या, नाहीतर साइटवर 'सीतेची आसवं' या फुलाच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हं उमटतील. ते काम मुलाच्या पंधरा हजारांत बसवा. शिवाय सगळे पासवर्ड त्याच्याकडून लिहून घ्या, ते स्वतः उघडून पाहा आणि मगच शेवटचा हप्ता द्या.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. नाव, प्रोजेक्ट आणि बायोडेटा एवढं एकच पान हवंय. होस्टिंग घ्यावंच लागेल का?
— एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : नाही. गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट ठेव. तिथे पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालत नाही, म्हणजे तिच्यावर चालणारं वर्डप्रेसही नाही, पण तुला ते लागतही नाही. गिटहबवर साइट एक जीबीपर्यंत चालते, तुझं पान त्याच्या आसपासही जाणार नाही. मात्र डोमेन स्वतःचं विकत घे. फुकट जागा मालकाच्या मर्जीवर असते : याहूने २००९मध्ये जिओसिटीज ही फुकट साइटींची सेवा बंद केली, तेव्हा लोकांच्या घरगुती साइटी पत्त्यांसकट गेल्या. आणि बायोडेटावर मोबाइल नंबर टाकू नकोस, ईमेल पुरे.