मामाकडे कोकणात जाताय? मग हे बघ

मार्चमध्ये दापोलीला मामाकडे चालला आहेस, तर दूरचा गड शोधत बसू नकोस. पहाटे घरामागच्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, देवराईकडे चढ. वड-उंबर पिकला असेल त्या झाडाखाली अर्धा तास गप्प बसायचं, धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी फळांसाठी तिथेच येतो. या दिवसांत मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसलेली असते आणि नर तिला फटीतून भरवतो. म्हणून नर एकाच खोडाकडे परत परत येताना दिसला, तर लगेच मागे सर. तू जवळ थांबलास तर तो घास न देताच फिरतो, आत मादी-पिल्लं उपाशी. फोटो नाही मिळाला तरी चालेल, खरंच.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, सकाळी नऊच्या आत फिरून घे, नंतर कातळ तापतो. घोटा झाकणारे बूट हवेतच. दगड उलटायचे नाहीत, खाली फुरसं हा विषारी साप असू शकतो.

एक संध्याकाळ वेळास या किनाऱ्यावरच्या गावासाठी ठेव. तिथे घरट्यातून निघालेली ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडतात. टॉर्च, फ्लॅश बंद.

आणि रोज निघताना मामीला वाट सांगून जा. बिबट्याचा वावर कुठे आहे, हे गावातल्यांनाच ठाऊक असतं.