शेक्सपिअरच्या नाटकातल्या मॅकबेथच्या नाशाला चेटकिणींचं भविष्य जबाबदार की त्याची महत्त्वाकांक्षा? बायकोने फूस लावली नसती तर तो वाचला असता का?

महत्त्वाकांक्षाच. पण मी लिहायला बसले ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे, कारण ह्याच मुद्द्यावर सोळा वर्षांपूर्वी माझं एकांशी भांडण झालंय आणि ते माझ्या मनात अजून मिटलेलं नाही.

आमच्या हौशी ग्रुपच्या ‘मॅकबेथ’च्या प्रयोगात मी लेडी मॅकबेथ, म्हणजे त्याची बायको होते. संहिता दिग्दर्शकांनीच इंग्रजीवरून केलेली. त्यांचं म्हणणं, मॅकबेथ मुळात सरळ माणूस, चेटकिणींनी डोक्यात भरवलं आणि बायकोने ढकललं. रंगीत तालमीच्या दोन दिवस आधी नाटक लांबतंय म्हणून काटछाट सुरू झाली आणि पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशातलं माझं वाक्य गेलं. त्यांच्या घरी पाहुणा आलेल्या राजा डंकनला मारून मॅकबेथने राजा व्हायचं असा नवराबायकोचा बेत आहे; डंकन आत जेवतोय, मॅकबेथ जेवण सोडून बाहेर येतो आणि बायकोला म्हणतो, आता हे पुढे न्यायचं नाही. त्यावर ती विचारते, मग माझ्यापाशी हा विषय काढलात तेव्हा तुमच्या अंगात कुठलं जनावर शिरलं होतं? तेव्हा तर ना वेळ जुळली होती ना जागा! म्हणजे खुनाचं आधी बोलला कोण? तो!

मी म्हटलं सर, हे नका काढू, तर सगळ्यांसमोर म्हणाले तुला तुझं कॅरेक्टर चांगलं दाखवायचंय. माझ्या वहीत त्या वाक्यावर लाल पेनाने रेघ मारली, इतकी दाबून की मागच्या पानावर उमटली. वही अजून माझ्याकडे आहे. प्रयोगानंतर एक बाई मेकअप रूममध्ये येऊन कौतुकाने म्हणाल्या, काय कैदाशीण हो, सोन्यासारख्या नवऱ्याचा घात केला. घरी येऊन रडले मी.

आता चेटकिणी. ग्लॅमिसचा सरदार तो आधीपासूनच आहे. कॉडॉरची सरदारकी डंकनने मागच्याच प्रवेशात देऊन टाकलीय, फक्त त्याच्यापर्यंत निरोप पोचायचाय. उरलं एकच भविष्य, राजा होशील. मारून हो असं तिघींपैकी एकीनेही म्हटलेलं नाही, तरी हा ऐकल्या ऐकल्या दचकतो, आणि त्याच्यासोबत असलेला दुसरा सरदार बँको विचारतोसुद्धा की इतकं चांगलं ऐकून घाबरलास का. बँकोलाही सांगितलंय ना की तुझे वंशज राजे होतील? त्यालाही त्या स्वप्नात दिसतात, पण तो देवाला विनवतो की झोपेत येणारे हे विचार आवर. मोह दोघांना झाला, खून एकानेच केला.

आणि पुढे बँकोला मारायचं ठरवतो तेव्हा बायकोला म्हणतो, तुला माहीत नसलेलंच बरं. चौथ्या अंकात स्वतःच चेटकिणींना शोधत जातो, त्या म्हणतात मॅकडफ ह्या सरदारापासून सांभाळ, मॅकडफ तर इंग्लंडला निसटलेला, मग हा त्याच्या बायकापोरांना मारायला लावतो. हे कुठल्या भविष्यात होतं?

हां, चेटकिणी निर्दोष आहेत असं नाही. बर्नमचं जंगल चालून येईपर्यंत तू हरणार नाहीस, बाईच्या पोटी जन्मलेला कुणी तुला मारणार नाही, असलं अर्धवट खरं सांगून त्याला गाफील ठेवतात त्याच. नाटक १६०६ च्या आसपासचं, तेव्हाचा राजा जेम्स, त्याने स्वतः १५९७ मध्ये चेटूक आणि भुताखेतांवर पुस्तक लिहिलेलं, त्यामुळे तेव्हाच्या प्रेक्षकाला त्यांची खरीच भीती वाटत असणार. आणि लेडी मॅकबेथही धुतल्या तांदळासारखी नाही, खुनानंतर खंजीर परत ठेवायला तीच जाते. पण साथ देणं वेगळं आणि सुरुवात करणं वेगळं.

परीक्षेसाठी विचारत असाल तर पहिल्या अंकातले तिसरा आणि सातवा प्रवेश शेजारी ठेवून वाचा. शिरवाडकरांनी १९५४ मध्ये मराठीत आणलेलं राजमुकुट मिळालं तर तेही वाचा. आणि नाटक बसवत असाल तर कृपा करून ते जनावराचं वाक्य कापू नका. वेळ वाचवायचाच असेल तर डंकनचा मुलगा माल्कम आणि मॅकडफ ह्यांचा इंग्लंडमधला प्रवेश भरपूर लांब आहे, तिथून काढा.