वॉटरकलरमध्ये झाडं काढायला कुठला हिरवा घ्यावा? माझी झाडं प्लास्टिकची दिसतात

तुम्ही लिहिलंय की बारा रंगांचा सेट आहे, त्यातला हिरवा लावला की झाड प्लास्टिकचं दिसतं, तर वेगळा कुठला हिरवा विकत घ्यावा आणि पानं सुटी कशी दाखवायची.

कुठलाच घेऊ नका. सेटमधला आहे त्याचंही झाकण काही महिने उघडू नका. निळा आहे, पिवळा आहे, झालं की मग. प्रशियन ब्लू आणि गॅम्बोज (तो गडद पिवळा) मिसळा, उन्हातलं कोवळं पान मिळेल. अल्ट्रामरीन आणि यलो ओकर मिसळा, धूळ बसलेलं, मे महिन्यातलं, आपल्याकडचं खरं झाड मिळेल. सावलीला प्रशियन ब्लूमध्ये बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, तो जवळजवळ काळा होतो पण नुसत्या काळ्यासारखा मेलेला दिसत नाही. आणि जो काही हिरवा तयार होईल त्यात ब्रशच्या टोकावर येईल एवढा लाल घाला, तो भडकपणा लगेच उतरतो. चैत्रात कडुनिंबाची नवी पालवी कधी नीट बघितलीय का? चक्क तांबूस असते. ती कुठल्या हिरव्या ट्यूबमधून काढणार?

हे एवढं तावातावाने लिहितेय त्याला कारण आहे. आम्ही काही जण बडोद्याला रविवारी सकाळी कमाटीबागेत चित्रं काढायला बसायचो. कागदोपत्री सयाजीबाग, 1879 ची, पण बडोद्यात सगळे कमाटीबागच म्हणतात. आम्ही म्युझियमच्या बाजूला लॉनवर बसायचो. विश्वामित्रीच्या काठाशी झाडं जास्त चांगली आहेत पण नदीत मगरी आहेत, त्यामुळे अर्धं लक्ष कागदावर आणि अर्धं पाण्यात, असं चित्र होत नाही. तर ग्रुपमध्ये एक रिटायर्ड काका होते, दर दोन वाक्यांनंतर चित्रकार बेंद्रेंचं नाव. आता बेंद्रे मोठेच, 1950 साली बडोद्याच्या युनिव्हर्सिटीचं फाइन आर्ट्स सुरू झालं तेव्हा पेंटिंग डिपार्टमेंट त्यांच्याकडे होतं, हे सगळ्यांना माहीत आहे, पण काकांचा त्यांच्याशी संबंध एवढाच की दोघं एकाच गावात राहायचे.

त्या दिवशी मी एक जुना कडुनिंब काढत होते. कडुनिंब भरीव नसतोच, झुपक्याझुपक्यांमधून आकाश दिसतं आणि ती भोकं ठेवली तरच झाडात हवा खेळते. पण नुसता कोरा कागद सोडला तर झाडावर दिव्यांची माळ सोडल्यासारखी ती भोकं चमकतात. म्हणून भोकातलं आकाश बाहेरच्या मोकळ्या आकाशापेक्षा एक शेड गडद लावायचं, आणि एखाद्या भोकातून बारीक फांदी आरपार न्यायची, मग डोळ्याला पटतं की हे पलीकडचंच आकाश आहे. सकाळपासून मी एवढंच करत होते. पाणी बदलायला नळावर गेले, परत येते तर काका माझ्या स्टुलावर, हातात त्यांचा ब्रश, आणि भोकं बुजवणं चाललंय. म्हणे, "झाड पोकळ दिसत होतं गं, भरून दिलं." भरून दिलं! तेही विरिडियन नावाच्या हिरव्याने, ट्यूबमधून थेट, त्यात पाण्याशिवाय काही नाही.

ओला ब्रश फिरवून बघितला, टिश्यूने टिपून बघितलं, हलेना. खरं विरिडियन असतं तर बऱ्यापैकी निघालं असतं, ते कागदावर वरवर बसतं. पण स्वस्त ट्यूबवर बहुतेक वेळा विरिडियन ह्यू, म्हणजे नुसती तशी छटा, असं लिहिलेलं असतं आणि मागे बारीक अक्षरात रंगद्रव्याचा नंबर पीजी7, म्हणजे थॅलो ग्रीन, ते कागदात मुरतं आणि सुकलं की विषय संपला. खऱ्या विरिडियनवर पीजी18 असतं. तुमच्या सेटमधला हिरवा पण तोच असणार असं मला वाटतं, मागे वाचून बघा. झाडात तो रंग नुसता लावला की प्लास्टिकच दिसणार, तुमचा हात वाईट नाहीये.

तेव्हा मी काही बोलले नाही, वयाने मोठे. घरी येऊन यांना दाखवलं तर हे म्हणतात, अरे वा, आता भरगच्च दिसतंय! वर फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. येणारा जाणारा म्हणतो किती हिरवंगार झाड काढलंय, आणि हे माझ्याकडे बघून हसतात. आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही. हिरवंगार म्हणजे चांगलं झाड हे ज्याला वाटतं त्याने कॅलेंडर लावावं भिंतीवर. डोळे बारीक करून झाडाकडे बघा, पानं दिसेनाशी होतात, दोन-तीन गडद ढीग राहतात, मध्ये उजेड राहतो. तेच काढायचं असतं.

हां, पानांचं राहिलं. सुटी पानं काढूच नका. झाड आकाशाला जिथे लागतं त्या कडेला जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून ओढा, कागद खरबरीत असेल तर पानं आपोआप पडतात. त्यासाठी 300 जीएसएमचा कोल्ड प्रेस, म्हणजे जाड आणि खरबरीत कागद घ्या, साध्या ड्रॉइंग पेपरवर पातळ रंगाच्या दुसऱ्या थराला लाटा येतात. हिरव्या ट्यूबचे पैसे तिकडे घाला.

सॅप ग्रीन मी पण ठेवते बरं का, उन्हाळ्यात बाहेर बसलं की रंग मिसळेपर्यंत सुकतो, तेव्हा सॅप ग्रीनमध्ये बर्न्ट सिएना घालून काम भागतं. म्हणजे वर कुठलाच नको म्हटलं ते शिकताना पाळा, पुढे बघा. थॅलोमध्ये अलिझरिन क्रिमसन हा लाल घातला तर सुरेख काळा होतो हेही खरं आहे, पण काकांनी घातला होता का? नाही ना.

आणि ग्रुपबरोबर बसत असाल तर पाणी बदलायला जाताना पॅड बरोबर घेऊन जा. कोणी ब्रश पुढे केलाच तर सरळ सांगायचं, काका, तुमच्या कागदावर काढून दाखवा.