फौजी घरातली चवथ आणि देणग्यांचा हिशेब
यजमान सीमेवर असताना गोव्यातील डिचोलीच्या मूळ घरातील चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) खर्चाचा वाटा आणि गावातील वर्गण्या एकाच पगारातून कशा भागवाव्यात, असे आपण विचारले आहे. जवानाच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीची आणि गटविम्याची रक्कम आधीच कापली जाते. म्हणून हाती येणाऱ्या रकमेतून दोन-तीन महिने आधीपासून थोडे थोडे बाजूला काढून ठेवावे. आमचे यजमान फौजेत असताना आम्ही रोख वाटा कमी देत असू आणि त्याऐवजी माटोळीसाठी (गणपतीच्या वर बांधल्या जाणाऱ्या फळाफुलांच्या चौकटीसाठी) कुळागरातील म्हणजे आमच्या बागायतीतील सुपारीचा घोस, तोरिंगे (लिंबाच्या जातीचे मोठे फळ) व नारळांचा घड नेत असू. दिरांशी तसे बोलून पाहावे. (फौजीकडे पैसा भरपूर असतो, हा गावाचा समज मात्र सहजासहजी जात नाही.) वर्गणीचा आकडा यजमानांशी फोनवर आधीच ठरवावा. देणगी द्यायचीच तर मला स्वतःला सशस्त्र सेना ध्वजदिन निधी अधिक जवळचा वाटतो: १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळल्या जाणाऱ्या या दिवसाच्या निधीतून माजी सैनिकांना, वीरपत्नींना आणि त्यांच्या मुलांना साहाय्य मिळते. करसवलत हवी असल्यास २००० रुपयांवरील देणगी रोखीने देऊ नये. नवी करप्रणाली निवडली असल्यास ही सवलत मिळत नाही.