अनुदान मिळेलही, पण पावसाळ्यात टोपल्या कोण विणणार?

प्रश्न : ताई, मी सहा वर्षांपासून घानाच्या राजधानीत, अक्रात राहते. इथल्या एका मैत्रिणीबरोबर भागीदारीत, घानाच्या उत्तरेकडच्या बोलगातांगा (बोलगा) या गावच्या गवताच्या टोपल्यांचा छोटा व्यवसाय करते. बोलगाजवळच्या दोन गावांतल्या चाळीसेक बायका आमच्यासाठी विणतात. आतापर्यंत माल अक्रातल्या दुकानांत आणि हॉटेलांतच गेला. आफ्रिकेतल्या सर्जनशील उद्योगांना निर्यातीसाठी मदत करणारी एक योजना आता समोर आली आहे. तीस हजार युरोपर्यंत अनुदान, आणि एकूण खर्चाचा निम्मा वाटा आपला. फ्रँकफर्टला फेब्रुवारीत भरणाऱ्या ‘अँबिएंटे’ प्रदर्शनात स्टॉल घ्यावा असं आमच्या मनात आहे. अर्ज करावा का? पैसे नेमके कशासाठी मागावेत?
– एक वाचक, अक्रा

उत्तर : अर्ज जरूर करा. पण त्याआधी भिंतीवर बारा महिन्यांचा कागद लावा आणि तुमच्या विणकर बायकांना विचारून त्यावर पाऊस, पेरणी आणि काढणी लिहा. अर्जाचा पहिला मसुदा त्या कागदावरून तयार व्हायला हवा.

असं का म्हणते ते सांगते. मी घानात हस्तकलेच्या गटांची निर्यातीची कागदपत्रं करायचे, तेव्हाची गोष्ट. बोलगाच्या एका गटाला असंच अनुदान मिळालं. स्टॉल लागला, फोटो निघाले आणि एका जर्मन खरेदीदाराने २,४०० टोपल्यांची ऑर्डर दिली. नाताळच्या विक्रीसाठी माल त्याला ऑगस्टअखेर जहाजावर हवा होता. मार्चमध्ये ऑर्डर पक्की झाली तेव्हा आम्ही सगळे आनंदात होतो.

मे महिन्यात पाऊस सुरू झाला. घानाच्या त्या उत्तर टोकाला पावसाचा एकच हंगाम असतो. बाजरी, ज्वारी, भुईमूग जे काही पिकवायचं ते त्याच महिन्यांत. बायका शेतात गेल्या, आणि त्यांनी जायलाच हवं होतं, कारण वर्षाचं धान्य तिथून येतं. एका टोपलीला विणणारीचे दोन-तीन दिवस जातात. गवताची काडी उभी चिरायची, पायावर वळून पीळ द्यायचा, उकळत्या रंगात बुडवायची, वाळवायची आणि मग विणायला बसायचं. हे काम शेतातून आल्यावर रात्री उरकण्यासारखं नाही. ऑगस्टपर्यंत दीड हजारच टोपल्या झाल्या, त्याही दमट हवेत वाळवलेल्या. एकात एक घालून, घट्ट बांधून त्या कंटेनरमध्ये गेल्या. हँबर्गला दार उघडलं तेव्हा तळातल्या थरांवर बुरशी होती. खरेदीदाराने माल नाकारला. गटप्रमुख बाईंनी मला फोनवर एवढंच विचारलं, “काडीचे पैसे कोण देणार?” अनुदान देणाऱ्यांच्या अहवालात मात्र त्या वर्षी ‘एक प्रदर्शन, एक निर्यात ऑर्डर’ अशी नोंद झाली. ती नोंद खोटी नव्हती. पण ऑर्डरनंतरचे सहा महिने मोजायला त्या तक्त्यात रकानाच नव्हता, आणि तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नका. तुम्ही दोघींपैकी एक जण नमुने घेऊन, प्रेक्षक म्हणून फ्रँकफर्टला जा. आधी पत्रव्यवहार करून सात-आठ खरेदीदारांच्या भेटी ठरवा. त्याला स्टॉलच्या मानाने फार थोडे पैसे लागतात. उरलेलं अनुदान बोलगात खर्च होऊ दे.

बोलगात कशावर? सगळ्यात आधी काडीवर. ज्याला तिकडे वेटा वेरा म्हणतात ते गवत बोलगाच्या आसपास पुरेसं मिळत नाही, दक्षिणेकडून ट्रकने येतं. ऑर्डर आल्यावर घाईत घ्यायला गेलात तर व्यापारी सांगेल तो भाव द्यावा लागतो. ते काढणीनंतर, नोव्हेंबरच्या सुमारास एकदम घ्या. त्याच सुमारास हरमॅटनचे कोरडे वारे सुरू होतात, बायका शेतातून मोकळ्या होतात आणि टोपल्या वाळतातही चांगल्या. नोव्हेंबर ते एप्रिल विणायचं, माल कोरडा करून ठेवायचा आणि खरेदीदाराला ‘इतक्या टोपल्या तयार आहेत’ म्हणून विकायचा. बहुतेक गट आधी ऑर्डर घेऊन मग विणतात. अनुदानाचा खरा उपयोग हा क्रम उलटवण्यासाठी आहे. मात्र बऱ्याच योजना कच्च्या मालाचा साठा हा खर्च मान्य करत नाहीत. नियमावलीत ते स्पष्ट नसेल तर अर्ज भरण्याआधीच लेखी विचारा. मान्य नसेल, तर तुमच्या निम्म्या वाट्यात काडीचा खर्च धरता येईल का, हेही विचारा.

त्यानंतर वाळवणीची शेड. जमिनीपासून वर उचललेले माच, खेळती हवा आणि ओलावा मोजायचं छोटं यंत्र. पॅक करण्याआधी प्रत्येक गठ्ठ्याची नोंद व्हायला हवी. टोपल्या दाबून सपाट पाठवण्याची रीत तुम्हाला माहीत असेलच. घेणारा त्या पाण्यात बुडवून पुन्हा आकाराला आणतो. टोपलीला वजन नसतं, ती जागा खाते, म्हणून भाडं जागेवर बसतं. एका खोक्यात चार टोपल्या जास्त मावल्या की नगामागचा खर्च लगेच उतरतो. ही बांधणी दोन-तीन प्रकारे करून बघा आणि त्या प्रयोगाचाही खर्च अर्जात धरा.

तिसरी गोष्ट मुठीची. तुमच्या टोपल्यांची मूठ चामड्याची असणार. त्वचेला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं त्वचेला अपायकारक रूप) किलोमागे ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल, तर मे २०१५ पासून ती वस्तू युरोपीय संघात विकता येत नाही. बोलगाकडे वनस्पतींच्या शेंगांनी कमावलेलं चामडं वापरत असाल तर काळजीचं कारण कमी आहे, पण खरेदीदार तोंडी खात्री मानत नाही, त्याला प्रयोगशाळेचा कागद लागतो. रंगांचंही तेच. अशा चाचण्यांचा खर्च छोट्या व्यवसायाला जड जातो आणि अनुदान देणाऱ्यांना तो सहज पटतो. मग मागायला संकोच कशाला? जकातीची मात्र चिंता नको. घाना आणि युरोपीय संघ यांच्यातला अंतरिम व्यापार करार २०१६ च्या डिसेंबरपासून लागू आहे. माल घानाचाच असल्याचा रीतसर पुरावा जोडलात की तो विनाशुल्क जातो. हे कागद कसे करायचे ते घाना एक्सपोर्ट प्रमोशन अथॉरिटीत जाऊन समजून घ्या.

आता पैशांचा ओघ, कारण बुरशीइतकेच गट इथेही बुडालेले मी पाहिले आहेत. ‘तीस हजार युरो’ वाचून ते खात्यात येतील असं वाटतं. बहुतेक योजनांत पहिला हप्ता मिळतो आणि बाकीचा खर्च आधी आपण करून, बिलं लावून परत मिळवायचा असतो. तिकडे विणकर बायकांना बाजाराच्या दिवशी रोख लागते. बोलगाचा बाजार दर तिसऱ्या दिवशी भरतो, तेव्हा आठवड्यातून दोनदा तुमच्या पिशवीत सेडी, म्हणजे घानाचं चलन, हवेत. खरेदीदार मात्र माल पोचल्यावर साठ दिवसांनी पैसे देतो म्हणेल. हे तिन्ही कागदावर आठवड्या-आठवड्याने मांडा. कोणत्या आठवड्यात खड्डा सर्वात खोल आहे ते दिसेल. तो भरण्याइतकं खेळतं भांडवल नसेल तर ऑर्डर लहान घ्या, किंवा तीस-चाळीस टक्के आगाऊ रकमेचा हट्ट धरा. नव्या विक्रेत्याला हे मागायची लाज वाटते. मागा. जो खरेदीदार आगाऊ एक युरोही द्यायला तयार नाही, तो तुमच्या चाळीस बायकांकडून स्वतःसाठी बिनव्याजी कर्ज काढतो आहे.

आणि सेडीचा भाव विसरू नका. २०२२ मध्ये तो डॉलरसमोर कोसळला, तेव्हा परकी चलनातलं अनुदान इथे फुगलं. २०२५ च्या पूर्वार्धात तोच सेडी इतका वधारला की तेच युरो बदलून हाती कमी पैसे आले, आणि मजुरी तर सेडीतच द्यायची होती. अंदाजपत्रकात दहा-पंधरा टक्के यासाठी मोकळे ठेवा.

जाता जाता एक गोंधळ दूर करते, कारण त्याबद्दल बरीच पत्रं येतात. कैरोच्या आफ्रिकी निर्यात-आयात बँकेचा, म्हणजे अफ्रेक्झिमबँकेचा, ‘कॅनेक्स’ हा सर्जनशील उद्योगांसाठीचा कार्यक्रम २०२० मध्ये ५० कोटी डॉलरच्या तरतुदीने सुरू झाला आणि २०२४ मध्ये ती २ अब्जांपर्यंत नेल्याचं जाहीर झालं. हा आकडा वाचून लोक तिथे अनुदान मागायला जातात. तो पैसा मुख्यतः कर्जाच्या आणि गुंतवणुकीच्या रूपात आहे. तुमच्या आकाराच्या व्यवसायाला तिथून आज उपयोगाचे आहेत ते त्यांचे मेळावे आणि प्रशिक्षण.

प्रश्न : नैरोबीत आमचा सहा जणांचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ आहे. अशी अनुदानं टोपल्या आणि कापडवाल्यांनाच मिळतात का? आमच्याकडे जहाजात भरायला काही नाही.
– एक वाचक, नैरोबी

उत्तर : मुळीच नाही. युरोपीय संघाच्या पैशावर चाललेल्या ४ कोटी युरोंच्या एसीपी-ईयू (आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधले देश व युरोपीय संघ) संस्कृती कार्यक्रमात पूर्व आफ्रिकेचं काम तुमच्याच शहरातल्या, सर्जनशील व्यवसायांना पैसा पुरवणाऱ्या हेवा फंडाने ब्रिटिश कौन्सिलबरोबर ‘इग्नाइट कल्चर’ या नावाने केलं. हेवाच्या दारात अजून गेला नसाल तर या आठवड्यात जा. अर्ज घेऊन नको, नुसतं बोलायला.

पण तुमच्या कामात वेळ कसा जातो ते आधी समजून घ्या. झांबियाच्या मलेंगा मुलेंडेमा यांची कल्पना २०१५ मध्ये केपटाऊनच्या ट्रिगरफिश स्टुडिओच्या कथाशोध उपक्रमात निवडली गेली. त्या उपक्रमामागे दक्षिण आफ्रिकेचं व्यापार खातं आणि डिस्ने उभे होते. त्यातून झालेली मालिका नेटफ्लिक्सवर आली २०२३ मध्ये. आठ वर्षं! एका वर्षाच्या अनुदानात मालिका बसत नाही. म्हणून ‘मालिका पूर्ण करू’ असं लिहू नका. दोन मिनिटांचा नमुना, पात्रांची आणि कथेची पुस्तिका, आणि फ्रान्समध्ये ऑन्सीला जूनमध्ये भरणाऱ्या अ‍ॅनिमेशनच्या बाजाराचा प्रवास, एवढंच मागा. शेंगेन व्हिसाचा वेळ त्यात धरा. हातात निमंत्रण आणि तिकीट असूनही व्हिसाअभावी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत.

आणि वकील. हे कळकळीने सांगते. परदेशी कंपनी सेवा विकत घेते तेव्हा करारात बहुधा पात्रांवरचे सगळे हक्कही तिच्याकडे जातात. इतरांसाठी चित्रं हलवून द्यायची मजुरी आणि स्वतःच्या पात्रांचा हक्क, या दोन्ही गोष्टी निर्यातच आहेत, पण दहा वर्षांनी स्टुडिओजवळ काय उरतं ते यावरच ठरतं. अनुदानातून हक्कांचे करार जाणणाऱ्या वकिलाचे चाळीस तास मागा. नव्या संगणकांच्या आधी मागा.

प्रश्न : एक सल्लागार अर्ज लिहून द्यायला तयार आहे. अनुदान मिळालं तर पंधरा टक्के त्याचे. हे योग्य आहे का?
– एक वाचक, कंपाला

उत्तर : नको. मिळालेल्या रकमेतून असा वाटा देणं बऱ्याच निधींच्या नियमांत बसत नाही, आणि हिशेब तपासणीत तो खर्च नामंजूर झाला की भरपाई तुमच्या खिशातून जाते. भाषेची अडचण असेल तर ठरावीक शुल्क देऊन मजकूर तपासून घ्या. आकडे मात्र तुमच्या हाताने भरा. मी निवड समितीवर बसले आहे. ‘गेल्या वर्षी २१२ नग विकले, ९ परत आले, कारण शिवण उसवली’ असं लिहिणारा अर्ज आम्ही पुन्हा मागवून वाचायचो, मग त्याची इंग्रजी कशी का असेना.