नव्या डेथ मेटल अल्बमवर लिहिताना

प्रिय मित्रा,

डेथ मेटलच्या, म्हणजे घोगऱ्या गर्जनेच्या आणि जड गिटारच्या त्या अतितीव्र मेटल संगीताच्या, अल्बमांवरचे तुझे तीनही रिव्ह्यू वाचले. मेहनत घेतली आहेस. पण बँडची नावं झाकली, तर कुठला रिव्ह्यू कुठल्या अल्बमचा हे सांगता येत नाही. तिन्हींत ‘गुदमरवणारं वातावरण’ आहे, तिन्हींत ‘क्रूर रिफ’ (रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा), आणि तिन्ही बँड म्हणे ‘ओल्ड स्कूल’.

कुठलं ओल्ड स्कूल? मॉर्बिड एंजलचा ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’ 1989 चा, टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओतला. वेग प्रचंड, तरी रिफ सुटा सुटा ऐकू येतो. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत एन्टूम्डने ‘लेफ्ट हँड पाथ’ केला. बॉस कंपनीचं एचएम-2 हे गिटारचा आवाज खरखरीत करणारं पेडल, चारही नॉब शेवटपर्यंत फिरवलेले, आणि गिटारचा आवाज थेट लाकूड कापणाऱ्या करवतीचा. 1992 मध्ये इन्कँटेशनचा ‘ऑनवर्ड टू गॉल्गोथा’ आला, तो आणखी वेगळा: आवाज गढूळ, खोल, आणि भरधाव चाललेलं गाणं मध्येच रांगायला लागतं. आजचे बहुतेक अंडरग्राउंड बँड यांतल्या कुणाचं तरी बोट धरून येतात. ते बोट कुणाचं, हे एका वाक्यात सांग आणि पुढे जा. खरं लिहायचं ते त्यानंतर: या पोरांनी तिथून पुढे काय केलं?

डेन्व्हरचा ब्लड इन्कँटेशन घे. मॉर्बिड एंजलचा वारसा त्यांच्यात आहे, हे कुणीही सांगेल. पण 2024 च्या ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’मध्ये दोनच रचना आहेत, प्रत्येकी वीसेक मिनिटांची, आणि ब्लास्ट बीटच्या, म्हणजे ड्रमच्या अतिवेगवान माऱ्याच्या, मधोमध सत्तरच्या दशकातल्या जर्मन बँडसारखा सिंथेसायझर पसरतो. तो सांधा जुळला की नुसता चिकटवला, यावर तुझं मत मला वाचायचं आहे.

त्यासाठी अल्बम सलग ऐक, आणि मग एक गाणं घेऊन बस. सगळ्यात आधी ड्रम. बेस ड्रमचा प्रत्येक ठोका अगदी सारख्या वजनाचा, टकटक वाजत असेल तर बहुधा ट्रिगर, म्हणजे प्रत्येक ठोक्याला आधीच साठवलेला आवाज वाजवणारा सेन्सर, लावलेला असतो. तो दोषच असतो असं नाही. टेक्निकल डेथ मेटलमध्ये त्या वेगात ठोके वेगळे ऐकू यायला त्याची मदत होते. पण गुहेतून आल्यासारखा आवाज हवा असलेल्या बँडला तो मारून टाकतो. मग रिफ तोंडाने गुणगुणून बघ. एका रिफवरून दुसऱ्यावर गाणं कसं गेलं तेही बघ, कारण डेथ मेटलची सगळी रचना तिथेच असते. ‘तिसऱ्या गाण्यात ब्लास्ट बीट तुटतो आणि तोच रिफ अर्ध्या वेगात परत येतो’ असं एक वाक्य तुझ्या सगळ्या ‘क्रूर’, ‘विध्वंसक’ विशेषणांपेक्षा जास्त सांगतं. ऐकणाऱ्याला त्यावरून कॅसेट घ्यायची की नाही हे ठरवता येतं.

लेबलने पाठवलेला प्रोमोचा मजकूर रिव्ह्यू लिहून होईपर्यंत उघडू नकोस. त्यातले शब्द नकळत हाताला चिकटतात.

आणि आपल्याकडचं. मुंबईत गटस्लिटसारखा ब्रूटल डेथ मेटल बँड आहे, परदेशी बँडचे अल्बम काढणारं ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटीसारखं लेबल आहे, पण वर्तुळ लहान. आज ना उद्या तुझ्या ओळखीच्या ड्रमरचा अल्बम तुझ्यासमोर येणार. ओळख असेल तर पहिल्याच परिच्छेदात सांगून टाक. ‘आपलीच पोरं आहेत’ म्हणून सांभाळून घेऊ नकोस. स्टॉकहोमच्या बँडला जो कान लावतोस तोच त्यांनाही लाव. दोस्ती फारच घट्ट असेल, तर तो अल्बम दुसऱ्या कुणाला दे.

तीनांपैकी दुसरा रिव्ह्यू पुन्हा लिही. त्या अल्बमचा बास गिटार सुंदर वाजला आहे आणि तू त्याबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाहीस. झाला की पाठव.

तुझा,
दादा